चौदा फेऱ्यांचं अंतर

माझी मावशी लस तयार करणाऱ्या एका संस्थेत तेवीस वर्षं कामाला होती. त्यातली पहिली दहा वर्षं तिने अंडी बघण्यात घालवली, म्हणून तिथे सगळे तिला ‘अंडीबाई’ म्हणत. तोंडावरच म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. ‘नावं ठेवण्यापेक्षा नाव ठेवलेलं बरं,’ असं म्हणून ती हसायची.

काम वरवर सोपं दिसे. उबवणीच्या कपाटातून दहा दिवसांची अंडी काढायची, अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं की पिल्लू जिवंत आहे असं समजायचं. मग कवचाला बारीक भोक पाडायचं, सुईने आत विषाणूचा एक थेंब सोडायचा, भोक मेणाने बंद करायचं आणि अंडं परत उबेला ठेवायचं. चार दिवसांनी अंडं फोडून आतलं पाणी काढायचं आणि त्यातला थेंब नव्या अंड्यांत सोडायचा. याला ते एक फेरी म्हणत. फेरी झाली की त्या पाण्याच्या बऱ्याच तपासण्या व्हायच्या, त्यामुळे एका फेरीला साधारण महिना लागे. अंडी कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून मावशीला तीन दिवसांच्या वर कधी रजा मिळाली नाही.

विषाणू होता लहान मुलांना येणाऱ्या एका तापाचा. ताप येई, अंगावर पुरळ उठे, आठवड्यात मूल बरं होई. पण शंभरातल्या चार-पाच मुलांचे कान जात. लस बनवायची ती यावर.

या विषाणूचं काम सुरू झालं त्या दिवशी साहेबांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं. साहेब म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. उंच, वाकलेले, सतत चष्मा पुसणारे. ते म्हणाले, “बाई, विषाणूला अंड्यांतून फिरवून फिरवून दुबळं करायचं, याला शास्त्रात क्षीणन म्हणतात. हा शब्द इतरत्रही आहे. भिंतीपलीकडचा आवाज आपल्यापर्यंत येता येता कमी होतो, धुक्यातून दिवा मंद दिसतो, तेही क्षीणनच. पण आवाज कमी होत होत संपला तरी कुणाचं बिघडत नाही. आपला विषाणू संपला तर लस संपली. तो जिवंत हवा, शरीराने त्याला ओळखायला हवं, फक्त त्याचे दात पडलेले हवेत.”

“आणि दात पडलेत हे कळणार कसं?” मावशीने विचारलं.

“डोळ्यांना कळत नाही. पहिल्या फेरीचं पाणी आणि साठाव्या फेरीचं पाणी शेजारी ठेवा, दोन्ही सारखीच दिसतील. नळीवर तुम्ही लिहिलेला आकडा हीच त्याची ओळख. म्हणून आकडा चुकवू नका.”

हे ती मला घरी तिच्या भाषेत सांगायची. “अगं, घरजावयासारखं आहे ते. अंड्यात राहून राहून त्याला अंड्याचंच पचायला लागतं. मग माणसात नेऊन सोडलं तरी तिथे त्याचं काही चालत नाही.”

‘घरी’ म्हणजे तिच्या दोन खोल्यांत. माझे वडील गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आई मला घेऊन थोरल्या बहिणीकडे आली आणि आम्ही तिथेच राहिलो. मावशीने लग्न केलं नव्हतं. आम्ही तिघी तिच्या एका नोकरीवर होतो, आणि ती नोकरीही तोवर कायम झालेली नव्हती. कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

त्याच सुमारास अडतिसावी फेरी चालू होती. साहेब परगावी एका परिषदेला गेले होते. सोमवारी सकाळी मावशीने उबवणीचं कपाट उघडलं आणि गरम वाफ तिच्या तोंडावर आली. उष्णता राखणारा काटा अडकून पडला होता. तिने एक अंडं दिव्यासमोर धरलं. शिरा नव्हत्या, नुसता काळा गोळा. दुसरं धरलं, तिसरं धरलं. चोवीसच्या चोवीस अंडी गेली होती. त्या उष्णतेत आतला विषाणूही टिकणं शक्य नव्हतं, आणि सदतिसाव्या फेरीचं उरलेलं पाणी तपासण्यांत संपलं होतं.

यात तिची चूक नव्हती. यंत्र कुणाचंही बिघडतं. तिची चूक दुसरीकडे होती. दर पाचव्या फेरीचं पाणी नळीत भरून फ्रीझरमध्ये जपून ठेवायचं, असा नियम होता. फ्रीझर दुसऱ्या इमारतीत, त्याची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. ‘पुढच्या वेळी दोन्ही एकदम ठेवू’ असं करत करत पंचवीस, तीस आणि पस्तीस या तिन्ही फेऱ्या ठेवायच्या राहिल्या होत्या. वहीत मात्र ‘ठेवली’ असं लिहिलेलं होतं. फ्रीझरमधली शेवटची नळी विसाव्या फेरीची होती.

ती मला पुढे म्हणाली, “मी तिथे स्टुलावर बसले. किती वेळ ते आठवत नाही. साहेबांना फोन लावायला उठले, आणि मला तुझी आई दिसायला लागली, भाजी निवडत बसलेली.”

तिने फोन लावला नाही. किल्ली आणली, विसाव्या फेरीची नळी काढली, तिच्यातलं थोडं पाणी नव्या अंड्यांत सोडलं, उरलेलं परत फ्रीझरमध्ये ठेवलं आणि अंड्यांवर पेन्सिलीने अडतीस लिहिलं.

म्हणजे जी खरी एकविसावी फेरी होती तिला अडतिसावी म्हणून पुढे चालवलं गेलं. सतरा फेऱ्यांचं अंतर. दीड वर्षाचं काम.

साहेब आले, त्यांनी वही बघितली, आणि त्या आठवड्यात मावशीच्या कायम होण्याच्या कागदावर सही केली. मावशी पेढे वगैरे काही न आणता रिकाम्या हाताने घरी आली. आई म्हणाली, “ताई, एवढी आनंदाची बातमी आणि तुझं तोंड असं का?” मावशी म्हणाली, “डोकं दुखतंय.”

ते डोकं पुढे अडीच वर्षं दुखत राहिलं. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं, पण तिच्यात पडलेला फरक दिसत होता. जेवताना मध्येच थांबायची. फोन वाजला की दचकायची. नोकरी सोडून दुसरीकडे जावं असं तिच्या मनात आलं होतं, पण तिच्यानंतर जो कुणी येईल तो फ्रीझर उघडून बघणारच. राहावं तर रोज तोच खोटा आकडा एकाने वाढवत जायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने मधला मार्ग काढून पाहिला. तपासण्या सोडल्या तर नुसती फेरी चार दिवसांत होते. दोन नोंदवलेल्या फेऱ्यांच्या मध्ये एखादी न नोंदवलेली घुसवली, तर हळूहळू अंतर भरून निघेल, असा तिचा हिशेब. त्याला जास्तीची अंडी लागत. ती भांडारातून आणायची आणि ‘फुटली’ असं लिहायची. तीन वेळा जमलं. चौथ्या वेळी भांडारवाले हसत म्हणाले, “बाई, हल्ली तुमच्या हाताला तेल लागलेलं असतं का? फार फुटतात.” त्यांनी गंमतच केली होती, पण चोराच्या मनात चांदणं. मावशीने तो उद्योग तिथेच थांबवला. सतरातले तीन भरून निघाले, चौदा राहिले.

चाळिसाव्या फेरीचं पाणी जनावरांना टोचलं तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त ताप चढला. साहेब बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “या खेपेची जनावरं नाजूक दिसतात.” मावशी शेजारी उभी होती. आपल्या बाईने आकडा चुकवला असेल, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ‘शंका घेतली असती तर सुटले असते,’ असं ती म्हणे.

साठाव्या फेरीला बारा जनावरांपैकी दोघांनाच थोडासा ताप आला. चालण्यासारखं होतं. मावशीने स्वतःची समजूत घातली की, आकडा खोटा असला तरी विषाणू मवाळ झालाय, आता काही होणार नाही. साहेबांनी वर प्रस्ताव पाठवला. ज्यांच्या आईवडिलांची संमती आहे अशा चाळीस मुलांना त्रेसष्टाव्या फेरीची लस टोचून बघायची असं ठरलं. तारीखही ठरली.

आणि त्याच त्रेसष्टाव्या फेरीची अंडी फोडताना मावशीच्या हातातली सुई निसटून डाव्या अंगठ्यात गेली.

संस्थेच्या डॉक्टरबाईंनी अंगठा धुतला, रक्त काढून तपासायला पाठवलं आणि नियमाप्रमाणे तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. एकवीस दिवस. ती खोली मी पाहिली आहे. एक पलंग, एक खुर्ची, एक बेसिन, छताजवळ जाळी. एकामागे एक दोन दारं. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नसे, आणि आतल्या दाराला आतून मूठच नव्हती. व्हरांड्याच्या बाजूला जाड काचेची खिडकी आणि दोन्हीकडे एकेक फोन. आई आणि मी रोज दुपारी जाऊन काचेसमोर उभ्या राहायचो. दोघींनी एका फोनला कान लावायचा.

“जेवलीस का?” आई विचारायची.

“तीनदा. इथे दुसरं करायला काय आहे? डबा आला की जेवायचं.”

साहेबांनी पहिल्याच दिवशी फोनवर तिला धीर दिला. “बाई, अजिबात घाबरू नका. त्रेसष्टावी आहे. वाघाचं मांजर झालंय त्याचं. आणि लहानपणी तुम्हाला हा ताप येऊन गेलाय असं तुमच्या कागदावर आहे.”

चौथ्या दिवशी रक्ताचा निकाल आला. तिला तो ताप कधीच येऊन गेलेला नव्हता. आजीने सांगितलेला ताप दुसराच कुठला तरी असणार. डॉक्टरबाईंचा चेहरा थोडा उतरला, पण त्याही म्हणाल्या, “त्रेसष्टावी आहे म्हणून काळजी नाही.” जो भेटे तो तिला त्याच आकड्याचा आधार देत होता, आणि तो आकडा किती पोकळ आहे हे त्या इमारतीत फक्त तिला माहीत होतं. ती एकोणपन्नासावी फेरी होती. एकोणपन्नासावी माणसात काय करते, हे कुणीच तपासलेलं नव्हतं.

सहाव्या-सातव्या दिवशी ती आमच्याशी बोलेनाशी झाली. काचेपाशी यायची, फोन कानाला लावायची आणि गप्प राहायची. आई म्हणायची, “ताई, काहीतरी बोल गं.” ती मान हलवायची. मला तेव्हा वाटलं, कोंडून घातल्यामुळे असेल.

नवव्या दिवशी ताप चढला. अकराव्या दिवशी पुरळ उठलं. डावा कान ठणकायला लागला.

आता खरा पेच पडला तो साहेबांना. त्रेसष्टाव्या फेरीने असं होणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांच्या मते सरळ असलेलं उत्तर काढलं. बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही काचेसमोरच उभ्या होतो. आत मावशीने दुसऱ्या फोनवर त्यांचं बोलणं ऐकलं. आम्हाला ऐकू येत नव्हतं, पुढे तिनेच सांगितलं.

“बाई, मी असं लिहितोय की तुम्हाला बाहेरूनच ताप आला. शहरात साथ आहेच. सुई टोचली त्याच्या आधीच तुम्ही तो घेऊन आला असणार. म्हणजे चाचणी पुढे ढकलायला नको. तेरा तारखेला मुलांना टोचू.”

मावशी पलंगावर बसली होती. आम्ही पाहिलं, ती उठून उभी राहिली आणि तिने एका हाताने भिंत धरली.

“साहेब, बाहेरून नाही आला.”

“तुम्हाला काय माहीत?”

“ती त्रेसष्टावी नाही.”

“तापात आहात तुम्ही. पडा जरा.”

“तापात आहे, पण खरं सांगतेय. अडतिसावीची अंडी उकडून मेली होती. मी विसाव्यावरून परत सुरू केलं आणि आकडा तोच चालवला. फ्रीझर उघडून बघा. पंचवीस नाही, तीस नाही, पस्तीस नाही.”

तिकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“किती मागे?” साहेबांनी विचारलं.

“चौदा.”

“सतरा होतात.”

“मध्ये तीन जादा केल्या होत्या. न लिहिता.”

साहेबांनी फोन ठेवला. मावशी आमच्याकडे वळली आणि तिने आमचा फोन उचलला. आईला म्हणाली, “माझी नोकरी जाईल बहुतेक.” आईला काही कळेना. ती म्हणाली, “आधी तू बरी हो.” मग मावशीने पहिल्यांदा आम्हाला सगळं सांगितलं, उभ्यानेच, मध्येमध्ये डावा कान दाबत. सांगून झाल्यावर ती पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. आम्हाला आत जाता येत नव्हतं. आईने काचेवर हात ठेवला आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आत गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “बाई, सुई टोचली नसती तर सांगितलं असतं तुम्ही?”

“माहीत नाही,” मावशी म्हणाली.

“त्या चाळीस मुलांसाठी तरी?”

“सांगितलं असतं असं वाटतं. पण अडीच वर्षं मला रोज तसंच वाटत होतं.”

मुलांची चाचणी रद्द झाली. एकवीस दिवस संपले तरी मावशीला आणखी नऊ दिवस आत राहावं लागलं, कारण ताप उलटला होता. बाहेर आली तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मोठमोठ्या यंत्रांवर तपासलं, पण ऐकणं काही परत आलं नाही.

चौकशीला पाच जण बसले होते. तिला नोकरीवरून काढतील असं सगळे धरून चालले होते. पण एकाने म्हटलं की, चाचणीच्या आधी तिने स्वतःहून सांगितलं, हेही लिहायला हवं. दुसऱ्याने विचारलं की, तीन वर्षं वरच्या कुणीच फ्रीझर उघडून का बघितला नाही. या प्रश्नानंतर चौकशी जरा लवकरच संपली. मावशीला बाटल्या धुण्याच्या खोलीत बदललं. नळी, सुई, अंडं यांतल्या कशालाही तिने हात लावायचा नाही, असं लेखी आलं.

विषाणूचं मात्र कठीण झालं. चौदा फेऱ्या जादा करून अंतर भरता आलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. तसं नसतं. ज्याची वंशावळ खोटी लिहिली गेली तो वाणच बाद. समितीने विसाव्या फेरीनंतरचं सगळं नष्ट करायला सांगितलं. त्या विसाव्या नळीत तरी खरंच विसावीच आहे ना, असं त्यांनी मावशीला तीनदा विचारलं. ती तिन्ही वेळा हो म्हणाली. तिचा शब्द धरण्यावाचून त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता.

तिने त्या सोमवारी फोन लावला असता तर दीड वर्ष गेलं असतं. आता जवळजवळ चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत दोनदा साथ आली. मावशी वर्तमानपत्र उघडायची, त्या बातमीवर बोट ठेवून सावकाश वाचायची आणि घडी घालून ठेवून द्यायची. आई म्हणायची, “नको वाचूस.” ती म्हणायची, “वाचलं नाही म्हणून छापायचं थांबणार आहे का?”

बाटल्यांच्या खोलीत तिने तेरा वर्षं काढली. गरम पाण्याची वाफ, साबण, उलट्या ठेवलेल्या बाटल्यांच्या रांगा. खिडकी नव्हती. तिथे कुणी तिला त्रास दिला नाही, आणि कुणी फारसं बोललंही नाही. ‘अंडीबाई’ म्हणायचं लोकांनी बंद केलं. नुसतं ‘बाई’ म्हणत. मी कमवायला लागल्यावर तिला म्हटलं, “सोड आता ती नोकरी. आपलं भागतंय.”

“सोडून करू काय?”

“काहीही कर. शिवण शीक. बस घरी.”

“अगं, मला एकच काम चांगलं येत होतं. ते आता कुणी करू देणार नाही. मग इथे काय आणि घरी काय, भिंती त्याच.” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “इथे निदान बाटली स्वच्छ निघाली की दिसतं तरी.”

लस झाली. ती साहेबांच्या हातून झाली नाही. त्याआधीच ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी प्रमुख म्हणून आलेल्या बाईंनी ती पुरी केली, फेऱ्या नेमक्या, दर पाचवी फ्रीझरमध्ये, किल्ली स्वतःच्या कमरेला. लसीच्या समारंभाला बाटल्यांच्या खोलीतल्या लोकांनाही बोलावणं होतं. मावशी गेली, मागे उभी राहिली आणि भाषणं संपण्याआधी निघून आली.

त्या तेरा वर्षांत साहेब तिच्याशी एक अक्षरही बोलले नव्हते. ते नोकरीत होते तोवर तर व्हरांड्यात समोरासमोर आले की चष्मा काढून पुसायला लागत. मावशी निवृत्त झाल्यावर मी एकदा तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी औषधाच्या दुकानात जाऊन येईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसली होती. परत आले तर तिच्या शेजारी साहेब. खूप म्हातारे झालेले, हातात काठी. ते तिच्याकडे झुकून हळू आवाजात काहीतरी सांगत होते, बराच वेळ, आणि मावशी मान हलवत होती. मी लांबच थांबले. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि उठले.

“काय म्हणाले गं?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक. डाव्या बाजूला बसले होते.”

“मग सांगायचं ना त्यांना, या बाजूला बसा म्हणून.”

“एवढं सगळं बोलून झाल्यावर? परत सांगा म्हटलं असतं तर बोललेच नसते.”

“रागावलेले वाटत होते का?”

“नाही. रागाचं तोंड मला ओळखू येतं. पण माफ केलं म्हणाले, की आणखी काही, ते नाही सांगता येणार.”

मग तिची पाळी आली आणि ती आत गेली. साहेब दुसऱ्या दाराने केव्हाच निघून गेले होते. पुढे दोन-तीनदा मी म्हटलं की, पत्ता शोधू, जाऊन भेटू. ती ‘बघू’ म्हणायची. थंडी संपता संपता ते गेल्याचं कळलं. मावशी त्या दिवशी जेवली, भांडी घासली आणि नेहमीपेक्षा लवकर झोपली.